घरचा फोन एंगेज

दुपारच्या सुट्टीत तिनं घरी फोन लावला आणि तो एंगेज लागला. आता यात दचकण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. फोन म्हटला की तो कधीतरी एंगेज लागायचाच. माणसं बोलत बसतात, एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू होतं. पण तिच्या घरात त्या वेळी एकच माणूस होता आणि त्या माणसाला बोलता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उजवी बाजू पुढे थोडी माघारी आली, म्हणजे काठीच्या आधारानं खुर्चीपासून बाथरूमपर्यंत जाण्यापुरती आली. वाचा गेली ती गेलीच. तिनं रिसीव्हर खाली ठेवला, पुन्हा उचलला, एकेक आकडा नीट बघत पुन्हा नंबर लावला. पुन्हा तेच. मागे काचा घासायचं यंत्र घरघरत होतं, त्यावर पाण्याची बारीक धार पडत होती, आणि फ्रेमा बसवणारा तिचा सहकारी डबा उघडता उघडता म्हणाला, "काय ताई, लागत नाही का?" "एंगेज आहे," ती म्हणाली. "मग चांगलंच की. म्हणजे घरी कुणीतरी बोलतंय." तो हसला. त्याला बाबांचं माहीत नव्हतं असं नाही; ओघात बोलून गेला बिचारा. पण ते 'कुणीतरी' तिच्या अंगावर पाल पडावी तसं पडलं आणि ते झटकता येईना.

दुपारच्या फोनची पद्धत त्या दोघांनी मिळून बसवली होती. ती फोन करायची, बाबा डाव्या हातानं रिसीव्हर उचलायचे आणि बोलायच्या जागी नखानं टकटक करायचे. दोनदा टकटक म्हणजे ठीक आहे. सारखी टकटक म्हणजे निघून ये. सारखी टकटक कधी झाली नव्हती. जेवलात का, टकटक. गोळी घेतलीत ना, टकटक. बरं, ठेवते मग. एवढंच बोलणं, पण ते झालं की तिचा उरलेला दिवस सरळ जायचा. काम तिचं चष्म्याच्या काचा तपासण्याचं. घासून आलेली प्रत्येक काच यंत्राखाली धरायची, नंबर बघायचा, केसभर फरक असला तरी काच माघारी पाठवायची. मालकीणबाई म्हणायच्या, हिच्या डोळ्यांतून मुंगी सुटायची नाही. अशी ही बाई त्या दिवशी टेबलावर काचा उघड्या टाकून, "जरा घरी जाऊन येते," एवढंच पुटपुटून रस्त्यावर आली आणि समोरून आलेल्या पहिल्या टॅक्सीत बसली. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते काही खोटं नाही. सिग्नलला टॅक्सी थांबली की तिला रिसीव्हर लोंबकळताना दिसायचा, टॅक्सी सुटली की त्याच्याखाली बाबा दिसायचे, आणि त्यांचा चालता हात अंगाखाली सापडलेला असायचा. तो हात अडकला तर टकटक तरी कशी करणार? शेजारच्या बसमधली एक बाई खिडकीतून तिच्याकडे टक लावून बघत होती, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण तोंडानं काहीतरी बडबडतोय.

बाबा खुर्चीत होते. नीट बसलेले, शाल मांडीवर, आणि समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर मासे. रिसीव्हर जागच्या जागी. तिला अवेळी आलेलं पाहून त्यांनी भुवया उंचावल्या आणि ते तिच्याकडे बघतच राहिले. ती इतक्या जोरात आत आली की टेबलाला धक्का लागून मासे गेले. तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला, तर नेहमीचा शांत सूर. म्हणजे फोन चालू होता, काहीही झालेलं नव्हतं. "फोन एंगेज लागत होता, म्हणून आले," ती म्हणाली. मग विचारायला नको होतं तेही तिनं विचारलं. "कुणाला लावला होता का?" बाबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते तिला कळलं नाही. झटक्यानंतर त्यांची मान दोन्हींच्या मधेच कुठेतरी हलायची.

तो कॉम्प्युटर धाकट्या भावाचा. त्यानं नवा घेतला तेव्हा जुना हिच्या गळ्यात मारला, वर उपकार केल्यासारखं म्हणाला, मेल करत जा, फोन परवडत नाहीत. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेतूनच लावायचं. कॉम्प्युटर स्वतःच नंबर फिरवायचा आणि पलीकडच्या यंत्राशी किंचाळत, खाकरत गाठ घालायचा. तो आवाज पहिल्यांदा झाला तेव्हा बाबांनी कान झाकून घेतले. कान म्हणजे एकच, कारण चालत होता तो हातही एकच. दुसरा कान उघडा राहिला, आणि त्या उघड्या कानाकडे मान वाकडी करून ते केविलवाणे बघायला लागले. तिनं भावाला विचारून विचारून तो आवाज पार बंद करून टाकला. तेव्हापासून इंटरनेट मुकाट्यानं लागायचं. मासे आले ते त्यानंतर. कुठेतरी लिहिलेलं दिसलं, घरबसल्या मत्स्यालय, फुकट. उतरवून घेताना ते काहीबाही विचारत गेलं आणि ही हो, हो म्हणत गेली. ते बारीक अक्षर वाचतो कोण? दिवसभर केसभर फरक हुडकणाऱ्या बाईनंही नाही वाचलं. कॉम्प्युटरला थोडा वेळ कुणी हात लावला नाही की पडद्यावर निळं पाणी भरायचं आणि एक जाडा पिवळा मासा काचेशी तोंड आणून उघडझाप करायचा. बाबा हसले होते त्याला बघून. घशातून आवाज काढून हसले होते! त्यानंतर कॉम्प्युटर दिवसभर चालूच ठेवायचा हे घरात ठरून गेलं.

पुढच्या दिवशी फोन लागला. त्याच्या पुढच्या दिवशी एंगेज. मग सलग एंगेज. पहिल्यासारखं धावत जाण्याची तिला लाज वाटायला लागली, कारण संध्याकाळी घरी यावं तर बाबा ठीकठाक, ताट पुसलेलं, दुपारची गोळी घेतलेली. फ्रेमवाला म्हणाला, "तारेत बिघाड असेल, तक्रार करा." समोरच्या काकू म्हणाल्या, "रिसीव्हर नीट ठेवत नसतील गं, हात कुठे धड आहे त्यांचा?" सगळ्यांचं बरोबर होतं. पण बिघाड बरोबर दुपारीच कसा होतो? ती काचेवर काच ठेवत बसायची आणि तिच्या मनात एक गोष्ट हळूच येऊन बसायची, हाकलली तरी जायची नाही. बाबा बोलतात. बोलता येतं त्यांना. फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

हे वाटायला तसंच कारण होतं. बाबा बसस्थानकावर घोषणा करायचे. आख्खं गाव त्यांचा आवाज ओळखायचं. लहानपणी ती आईबरोबर त्यांचा डबा द्यायला जायची तेव्हा भोंग्याखाली उभी राहून ऐकत राहायची. फलाट तीनवर लागलेली गाडी सुटत आहे, चुकलेल्या मुलाच्या पालकांनी चौकशीच्या खिडकीशी यावं. काय तो आवाज, भरदार, मायेचा, हरवलेल्या परक्या पोरालासुद्धा धीर देणारा. आणि तोच माणूस घरी आला की गप्प. घसा जपायला हवा. पाणी हवं असलं की दोन बोटं ओठाशी, दिवा मालवायचा असला की नुसती मान. आई सांगायची, बाबांना बोलायला लावू नका रे, उद्या ड्यूटी आहे. शाळेत पहिला नंबर आला तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर टकटक केली होती, बोटानं, दारावर करावी तशी. तिला त्या वेळी वाटलं होतं, आपण एकदा हरवायला पाहिजे. बसस्थानकावर गर्दीत हरवायला पाहिजे, म्हणजे भोंग्यातून आपलं नाव तरी ऐकू येईल. हरवण्याचं धाडस काही झालं नाही. बाबा निवृत्त झाले, आई गेली, भाऊ दूर नोकरीला गेला, तिचं लग्न होऊन मोडलं, आणि शेवटी दोघंच उरली तेव्हा आता तरी बोलतील असं वाटत असताना झटका आला. म्हणजे सगळा आवाज बाहेरच्यांना वाटून झाला होता, आणि घरच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. की उरलं होतं? रोज दुपारी, ती नसताना, कुणासाठी तरी?

एक दिवस फोन न करताच ती जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास घरी आली. चोरासारखी आली, हे तिचं तिलाच कळत होतं. चपला जिन्यातच काढल्या, किल्ली हळू फिरवली. आत टेबलापाशी बाबा उभे होते. काठी खुर्चीला टेकवलेली, कंबर टेबलाच्या कडेला, आणि डाव्या हातानं धरलेला रिसीव्हर कानाला. ते ऐकत होते. कपाळाला आठ्या, ओठ किंचित उघडे, समोरचा माणूस फार हळू बोलत असावा तसे. आपण बाहेर निघून जावं, पुन्हा बेल वाजवून यावं, हे पाहिलंच नाही असं करावं, असं सगळं तिच्या मनात आलं आणि तोंडातून निघालं ते किंचाळल्यासारखं, "बाबा, कोण आहे?" ते दचकले. तिनं त्यांच्या हातातून रिसीव्हर जवळजवळ हिसकावला. आत तापल्या तव्यावर पाणी उडावं तशी चरचर होती, आणि चरचरीच्या मागे खूप लांबवर काहीतरी पोकळ, श्वास रोखून कुणीतरी ऐकत बसल्यासारखं. "हॅलो, कोण बोलतंय? कोण आहे तिकडे?" तिचा हात टेबलावर आपटला आणि टक् झालं. चरचर थांबली. नेहमीचा सूर लागला. म्हणजे तिचा आवाज ऐकून ठेवून दिला! बाबा तिच्या बाहीला ओढत होते. त्यांनी बोट फोनकडे केलं, मग तिच्याकडे, मग दाराकडे. पुन्हा फोनकडे, तिच्याकडे, दाराकडे. "मी जाऊ?" ती म्हणाली. "मी निघून जाऊ म्हणता?" त्यांचा चेहरा लाल झाला, घशातून घरघर आली, आणि त्यांनी असं काही तोंड फिरवलं की तिला वाटलं, हेच. आपण मधे आलो. त्या दुपारी ती कामावर परतली ती डोळे पुसत, आणि तपासलेल्या काचा तिनं पुन्हा एकदा तपासल्या, कारण पहिल्या वेळी काय पाहिलं ते तिला आठवत नव्हतं.

मग बिल आलं. आकडा पाहून तिनं आधी पाकिटावरचं नाव तपासलं. टेलिफोनच्या ऑफिसात खिडकीमागच्या बाईनं कागद फिरवून तिच्यासमोर धरला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटाचं नाव, तेच तेच, खालपर्यंत. "भारी दराचा नंबर आहे हा. तुमच्या घरूनच लावलाय," बाई म्हणाली. "दुपारी घरी कोण असतं?" "वडील." "मग त्यांना विचारा ना." "त्यांना बोलता येत नाही." बाईनं चष्म्यावरून पाहिलं. "बोलता येत नाही, आणि गप्पा एवढ्या?" रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. तिला त्या क्षणी हसण्याचं काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर बेट होतं. तिथे एक खोली, खोलीत कुणीतरी, आणि बाबांचा तो भरदार आवाज तारेतून समुद्राखालून तिथे जातोय. त्या संध्याकाळी जेवताना तिनं बाबांच्या घशाकडे पाहिलं. घास खाली उतरताना कंठ वर-खाली होत होता. तिला बापाचीच भीती वाटली, उघड उघड वाटली, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या.

शेवटी तिनं भावाला फोन केला. त्यानं मधेच तोडलं. "थांब, थांब. कॉम्प्युटरवर नवीन काय घेतलंस?"

"काही नाही. मासे."

"कसले मासे?"

"मत्स्यालय. फुकट होतं."

"अगं बाई! फुकट ते पौष्टिक म्हणून गिळलंस, आणि गळ घशात. असले प्रोग्राम मागच्या मागे फोन लावतात. आपलं इंटरनेट सोडून त्यांच्या महागड्या नंबरला. कुणी हात लावत नाही असं बघून लावतात, हात लागला की सोडतात. पण लागताना किंचाळतं ना ते? घरात ऐकू कसं आलं नाही?"

"आवाज बंद केलाय मी. बाबांना त्रास होत होता."

तो म्हणाला, "कसा बंद करायचा ते मीच सांगितलं होतं. म्हणजे चोराला दार आपणच उघडून दिलं, वर कडीला तेल घातलं. बरं, रडू नकोस. बिलाचं बघू. रविवारी येतो आणि ते काढून टाकतो. तोवर कॉम्प्युटर बंद ठेव. नाहीतर फोनची तारच उपटून ठेव. तार नाही म्हटल्यावर लावणार कुठून?"

फोन ठेवल्यावर तिला हायसं वाटलं. बेटावर कुणी नव्हतं. एक यंत्र होतं, बस. बाबा कुणाशी बोलत नव्हते. आणि हे मनात नीट उतरलं तसं तिला भडभडून आलं, कारण इतके दिवस ती ज्याला भीत होती त्याच्याच आशेवर जगत होती. बोलत असते तर कधीतरी तिच्याशीही बोलले असते.

सकाळी तिनं कॉम्प्युटर बंद केला तेव्हा बाबांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. काय मागणं होतं बिचाऱ्याचं? पिवळा मासा. तिनं कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि टेबलाखाली वाकून तार शोधली. बस गाठायची होती, नाकात धूळ जात होती. मागे दोन तारा होत्या, एक भिंतीतून निघालेली, एक फोनकडे गेलेली. उपटायचीच तर मुळाशी, असा हिशेब करून तिनं भिंतीतली ओढली. चोराचा रस्ता बंद झाला. हात झटकून, "येते हां बाबा, दुपारी फोन करते," म्हणत ती गेली. घरचा फोन त्याच तारेवर, कॉम्प्युटरमधून पुढे गेलेला होता, हे तिच्या गावीही नव्हतं. तार उपटली तरी लावणाऱ्याच्या कानात घंटी वाजते, घरात मात्र वाजत नाही, हेही नव्हतं.

दुपारी तिनं नंबर लावला आणि पलीकडे घंटी वाजायला लागली. कितीतरी दिवसांनी! तिनं फ्रेमवाल्याकडे बघून मानही हलवली. घंटी वाजत होती. बाबांना उठायला वेळ लागतो. काठी घ्यायची, टेबलापाशी यायचं. घंटी वाजत राहिली. बाथरूममध्ये असतील. तिनं ठेवून पुन्हा लावला. तीच घंटी, लांब, शांत, अंतर ठेवून. एंगेज बरा होता, असं तिला वाटलं. एंगेजमध्ये निदान घर भरलेलं असतं. ही घंटी सगळ्या घरात फिरून येत होती आणि तिला तिथे कुणी भेटत नव्हतं. समोरच्या काकू लेकीकडे गेलेल्या. तिनं तिसऱ्यांदा लावला आणि वाजतच असलेला रिसीव्हर हातातून सोडून दिला.

दार सताड उघडं होतं. खुर्ची रिकामी. शाल जमिनीवर. टेबलावर रिसीव्हर आडवा पडलेला, त्यातून काहीच आवाज येत नव्हता. मासे पोहत होते. बाथरूममध्ये नाही, पलंगाच्या पलीकडे नाही. तिनं कपाटसुद्धा उघडून पाहिलं. भीतीत असतं तेवढं सगळं तिनं त्या दोन खोल्यांत भोगून घेतलं. मग आडव्या रिसीव्हरकडे बघता बघता तिला ते बोट आठवलं. फोनकडे, तिच्याकडे, दाराकडे. जा म्हणत नव्हते ते. तू बाहेर, तुझा फोन नाही, असं म्हणत होते. रोज दुपारी तिला इकडे वाटत होतं, बाबांना काय झालं. आणि तिकडे तो माणूस मुका फोन कानाला लावून विचारत होता, पोरीला काय झालं. ती त्यांची खुशाली घेते असं ती समजत होती. खुशाली ते घेत होते.

जिना ती कशी उतरली तिला कळलं नाही. दोन वर्षांत जे तो जिना उतरले नव्हते ते तो उतरून गेले होते. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला विचारलं, त्यानं हात लांब केला, "ते काठीवाले आजोबा? तिकडं, स्टॉपकडं. काही सांगत होते, पण कळेना." ती धावली. रस्ता सोलून काढल्यासारखा लख्ख होता, गाड्यांचे आवाज फार जवळून येत होते, आणि प्रत्येक ब्रेकसरशी ती डोळे मिटत होती.

बाबा स्टॉपच्या खांबाला उजवा खांदा टेकवून उभे होते. घरातलेच कपडे, काठी काखेत, एका पायात चप्पल. बस येऊन उभी होती आणि ते डाव्या हातानं चष्म्याची रिकामी केस कंडक्टरसमोर धरत होते. केसवर तिच्या कारखान्याचं नाव आणि पत्ता छापलेला होता. कंडक्टर म्हणत होता, "आजोबा, चष्मा विकताय की काय? बाजूला व्हा, पडाल." बाबांनी केस आणखी वर केली, नावावर अंगठा आपटला. कुणी वाचत नव्हतं.

"बाबा!"

त्यांनी वळून पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, हात, पाय, कपाळ, एकेक जागा, ती जशी काच बघायची तसं. मग केस हातातून सोडून दिली आणि तिच्या थोबाडीत मारली. लागली काही नाही. डावा हात, तोही खांबाला टेकून उचललेला. पण जन्मात त्यांनी तिच्यावर हात उगारला नव्हता. बसमधली माणसं वाकून बघायला लागली. ती गालावर हात ठेवून चाळिशीच्या घरातल्या बाईसारखी नाही, तर हरवून सापडलेल्या पोरीसारखी हुंदके देत रडायला लागली, आणि बाबांनी त्याच हातानं तिचं मनगट असं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"बसताय का दोघं?" कंडक्टरनं विचारलं.

बस निघून गेली, स्टॉपवरची माणसं पांगली, तरी बाबांनी तिचं मनगट सोडलं नाही.